चोर बाजारातलं गप्प गिऱ्हाईक

मुंबईच्या चोर बाजारात जाऊन आलो म्हटलं की लोक हसून विचारतात, "काही चोरीचं मिळालं का?" मूळ नाव ‘शोर बाजार’ होतं, असंही सांगतात. खरंखोटं काही असो, ‘चोर’ हा शब्द तिथे बसणाऱ्या प्रत्येकाला चिकटला आहे. पण मला आज बोलायचं आहे ते विकणाऱ्याबद्दल नाही, घेणाऱ्याबद्दल.

जुम्याच्या दिवशी मटण स्ट्रीटवर पहाटेच जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. महिन्यापूर्वी फजरची नमाज पढून मी तिथे गेलो. एका चाचांच्या चादरीवर रिमोट, चार्जर, मोडके चष्मे, आणि त्या ढिगात एक हिरवी खेळण्यातली रेसिंग कार. उलटी करून पाहिली. पोटावर लिहिलं होतं, ‘स्केलेक्सट्रिक, मेड इन इंग्लंड’.

मी ती लगेच ओळखली. माझ्या लहानपणी कोकणातल्या आमच्या गावी जहाजावर नोकरी करणाऱ्या एका मामूंनी असा सेट आणला होता. काळ्या ट्रॅकमध्ये एक खाच, तिच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या. गाडीखालची खुंटी खाचेत बसते, पट्ट्यांमधून मोटरला वीज मिळते. स्टेअरिंग नाही, हातातला खटका दाबाल तेवढा वेग. वळणावर जरा जास्त दाबला की गाडी उडून थेट पलंगाखाली! फ्रेड फ्रान्सिस या इंग्रजाने 1957 मध्ये हे खेळणं बाजारात आणलं. त्यातल्या जुन्या, चांगल्या गाड्यांसाठी शौकीन लोक आज हजारो रुपये मोजतात.

मी भाव विचारण्याआधीच चाचा म्हणाले, "भाईजान, मोटर बंद है. बाद में मत बोलना, बताया नहीं." मग त्यांनी दीडशे सांगितले. मी तोंड वाकडं केलं, "बंद गाडीचे दीडशे?" म्हणालो आणि शंभरात सौदा केला.

लोकलमध्ये बसल्यावर मात्र चैन पडेना. मालातला दोष लपवू नये, हे आपण मदरशापासून ऐकत आलो आहोत. चाचांनी ते न विचारता पाळलं. आणि मी? मालाचं मोल मला माहीत होतं. ते तर मी लपवलंच, वर बंद मोटरचं निमित्त करून भाव पाडला. तोही अशा माणसासमोर, ज्याला बहुधा त्या शंभरातूनच घरी भाजी न्यायची होती.

मित्र म्हणाले, "सौदा राजीखुशीने झाला, त्यात गैर काय?" शरियतच्या हिशोबाने सौदा बरोबर असेलही. पण आपल्याकडे व्यापारातल्या प्रामाणिकपणाचे सगळे धडे दुकानदारासाठीच असतात. गिऱ्हाईक जणू जन्मतःच मासूम! ‘कवडीमोलाने मिळालं’ हे आपण अभिमानाने सांगतो. शिकलेल्या माणसाने न शिकलेल्याकडून त्याच्या न कळण्याचा फायदा घेतला, एवढाच त्याचा अर्थ असतो. माझ्या मते इल्म फक्त स्वतःच्या फायद्यासाठी वापरला, तर तीही बेईमानीच.

पुढच्या जुम्याला मी परत गेलो. चाचांना सगळं सांगितलं आणि आणखी पाचशे रुपये पुढे केले. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. नोट खिशात ठेवून म्हणाले, "अच्छा किया बता दिया." मग पुठ्ठ्याचा एक तुकडा माझ्याकडे सरकवला. "इस पे नाम लिख दो. उर्दू में."

मी मोठ्या अक्षरांत ‘स्केलेक्सट्रिक’ लिहून दिलं. खुंटी कशी ओळखायची तेही दाखवलं. त्यांनी तो पुठ्ठा पैशांच्या डब्यात जपून ठेवला.

आता चाचांकडे अशी दुसरी गाडी आली, तर ती मला शंभरात मिळणार नाही. आणि तेच बरोबर आहे.