गुणोत्तर यंत्राचे, हवा गावाची

गुणोत्तराचे उदाहरण सोडवून उत्तराखाली दोन रेघा ओढल्या की काम संपले, अशी समजूत आपल्या विद्यार्थ्यांत रूढ आहे. ती घातक आहे, असे आमचे मत आहे.

मोटारीच्या इंजिनाचेच उदाहरण घेऊ. सिलिंडरचा व्यास ८ सेंटिमीटर व दट्ट्याची धाव ८ सेंटिमीटर असेल, तर दट्ट्या एका धावेत सुमारे ४०२ घनसेंटिमीटर जागा व्यापतो. माथ्याशी उरलेली जागा ५० घनसेंटिमीटर धरू. दोहोंच्या बेरजेला ५० ने भागले असता संपीडन-गुणोत्तर सुमारे ९ येते. ते पणजीत ९, तसेच लेह येथेही ९. कारण डोंगर चढल्याने लोखंडाची मापे बदलत नाहीत. काही कोष्टकांत उंचीनुसार हे गुणोत्तरच घटवून दाखवितात. तो सोयीचा अंदाज होय, इंजिनाचे माप नव्हे.

बदलते ती हवा. लेह सुमारे ३५०० मीटर उंचीवर आहे; तेथील हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे ६५ टक्केच असतो. आत शिरणारी हवाच विरळ, म्हणून सिलिंडरातील अखेरचा दाबही त्याच प्रमाणात उतरतो. समुद्रकाठी दाबमापकावर दर चौरस सेंटिमीटरला १२ किलो दाखविणारे निरोगी इंजिन तेथे सुमारे ८ दाखवील. हा हिशेब न जाणणारा मेस्त्री 'रिंगा झिजल्या' म्हणून इंजिन उघडील आणि चालकाच्या माथी नाहक खर्च बसेल.

१९१८ साली सॅनफर्ड मॉस यांनी अमेरिकेतील पाइक्स पीक या सुमारे ४३०० मीटर उंच शिखरावर विमानाचे लिबर्टी इंजिन नेऊन पारखले. खाली ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन वर २३० वर आले. मॉस यांनी इंजिनास दोष दिला नाही. इंजिनाच्याच धुराड्यातील वायूने फिरणाऱ्या पंख्याने त्यास अधिक हवा पुरविली. शक्ती ३५६ पर्यंत चढली.

कलाशाखेकडे जाणाऱ्या मुलामुलींना हे कशाला, असे कोणी विचारील. पण आकड्यांवरून निवाडा करण्याचा प्रसंग कोणालाही चुकत नाही. म्हणून शिक्षकांनी प्रत्येक उदाहरणाखाली आणखी एक ओळ लिहून घ्यावी: यातील कोणता आकडा वस्तूचा आणि कोणता परिस्थितीचा? या ओळीस उत्तराइतकेच गुण द्यावेत, असे आम्ही सुचवितो.