आधी अक्ष वाचा, मग रेघ



आमच्या वस्तीतील बुद्धविहारात रविवारी सकाळी वंदना झाली की आठवी ते दहावीची मुले अभ्यासाला बसतात. आम्ही काही गणिताचे शिक्षक नाही, बी.कॉम. होऊन कारकुनी करतो. पण दिवस आकड्यांतच जातो, म्हणून समाजासाठी तेवढे काम अंगावर घेतले आहे.

एका रविवारी नववीच्या मुलांनी आलेखाच्या वह्या दाखवल्या. टोकदार पेन्सिल, सरळ रेघा, कोपऱ्यात प्रमाण लिहिलेले. पाहून समाधान वाटले. मग वेळ आणि अंतर यांच्या आलेखावर बोट ठेवून आम्ही विचारले, "ही रेघ वर चालली, म्हणजे गाडीचं काय होऊन राहिलं?" एक मुलगा चटकन म्हणाला, "काका, गाडी चिखलदऱ्याचा घाट चढून राहिली!"

बाकीची मुले हसली, पण "मग काय होते?" असे विचारल्यावर तीही गप्प झाली. दोष मुलांचा नाही. आलेख काढला की गुण मिळतात. तो काय बोलतो हे कोणी विचारतच नाही. त्यामुळे मुलांना आलेख म्हणजे रस्त्याचे चित्र वाटते.

आम्ही फळ्यावर आपली ओळखीची एस.टी. घेतली. अमरावतीहून सकाळी ८ वाजता निघाली. हिशोब सोपा जावा म्हणून अकोला १०० किलोमीटर आणि मूर्तिजापूर बरोबर मध्ये, ५० किलोमीटरवर धरले. गाडी सव्वानऊला मूर्तिजापूरला पोचली, १५ मिनिटे थांबली, साडेनऊला निघून साडेदहाला अकोल्याला लागली. आडव्या क्ष-अक्षावर वेळ, उभ्या य-अक्षावर अमरावतीपासूनचे अंतर. मुलांनी बिंदू जोडले. पहिली रेघ वर गेली, मध्ये आडवी झाली, पुढची रेघ पहिलीपेक्षा जास्त उभी निघाली.

"आडवी काहून झाली?" आम्ही विचारले. मागून एक मुलगी म्हणाली, "वेळ चालला, पण अंतर वाढलं नाही. गाडी उभी आहे." आणि पुढची रेघ जास्त उभी, कारण आधीचे ५० किलोमीटर सव्वा तासात झाले, नंतरचे एका तासात. चढ रस्त्याचा नव्हे, वेगाचा! घाटवाला मुलगाच म्हणाला, "मग रेघ खाली आली तर गाडी अमरावतीकडे वापस फिरली." सपाट रस्त्यावरही आलेख चढतो, हे त्या दिवशी मुलांना पटले.

तेथेच एक ताई कडेवर लेकरू घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, असा कागद तर आमच्या अंगणवाडीच्या कार्डावर असते." दुसऱ्या रविवारी त्यांनी कार्ड आणले. खाली मुलाचे वय महिन्यांत, बाजूला वजन किलोत. हिरवा, पिवळा, नारिंगी पट्टा. लेकराचे बिंदू हिरव्या पट्ट्यातच होते, म्हणून घरात कोणी काळजी केली नव्हती. पण शेवटचे तीन बिंदू एका रेषेत आडवे होते. ताईंनी स्वतःच विचारले, "म्हणजे मूर्तिजापूरवर थांबलेल्या गाडीवानी?"

होय, तसेच. गाडी थांबली तर आपण चहा पितो. लेकराचे वजन थांबले तर बसून चालत नाही. रंग हिरवा असला तरी आडवी झालेली रेघ ही पहिली सूचना असते. ताई दुसऱ्या दिवशी अंगणवाडीसेविकेला भेटून दवाखान्यात गेल्या. ज्या अमरावती जिल्ह्यात मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचल्या, तेथे हा कागद प्रत्येक आईला वाचता आलाच पाहिजे.

मात्र आडवी रेघ सगळीकडे वाईट नसते. दहावीच्या विज्ञानात बर्फाला उष्णता देण्याचा आलेख आहे. सगळा बर्फ वितळेपर्यंत तापमान ० अंशावरच राहते आणि रेघ आडवी दिसते. कारण दिलेली उष्णता वितळण्यात खर्च होते. रेघ तीच, अर्थ तीन. म्हणून आधी अक्षावर काय लिहिले ते वाचावे, मग रेघ.

अक्ष न वाचला तर फसवणूकही होते. आमच्या ओळखीचे एक हमाल बांधव मुलीच्या क्लाससाठी कर्ज काढायला निघाले होते. क्लासच्या जाहिरातीत दोन स्तंभ होते: गेल्या वर्षीचा निकाल ८८ टक्के, यंदाचा ९२. यंदाचा स्तंभ तिप्पट उंच! मुलीने पट्टी लावून पाहिले. अक्ष शून्यापासून नव्हता, ८६ पासून सुरू केला होता. तिने शून्यापासून काढला, तर दोन्ही स्तंभ जवळपास सारखे. मग बापाने क्लासमध्ये जाऊन विचारले, "परीक्षेला पोरं किती बसले होते?" क्लास लावायचा की नाही हा त्यांच्या घरचा प्रश्न, पण प्रश्न विचारून निर्णय घेणे ही मोठी गोष्ट आहे. केवळ कोणी सांगितले किंवा लिहिले म्हणून मानू नका, हीच तथागतांची कालामांना शिकवण होती.

आकड्यांची ही ताकद दबलेल्या समाजांनी पूर्वीच ओळखली. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात अमेरिकेतील काळे विचारवंत डु बॉइस यांनी अटलांटा विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या मदतीने हाताने रंगवलेले आलेख मांडले. काळ्या समाजाची जमीन, शिक्षण, मालमत्ता जगाला दिसली. याच डु बॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहून, काळ्या समाजाने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरील १९२३ चा ग्रंथही आकड्यांच्या तक्त्यांवरच उभा आहे.

पालकांना आमची एकच विनंती. घरचे विजेचे बिल मुलांपुढे ठेवा आणि महिनावार युनिटचा स्तंभालेख काढायला सांगा. मे महिन्याचा स्तंभ उंच का, हे वऱ्हाडातल्या पोराला सांगावे लागत नाही. कूलर सगळे सांगतो. मग तीन प्रश्न विचारा: आडव्या अक्षावर काय आहे? उभ्यावर काय आहे? मोजणी शून्यापासून सुरू केली का? तुम्ही चौथी शिकला असाल किंवा शाळेत गेलाच नसाल, तरी हे प्रश्न विचारता येतात. उत्तर पोरांना शोधू द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!