ग्रंथालय सुरू आहे, आता माणसं हवीत

गावातील व वाड्यांवरील सर्व पालक, आजी-आजोबा, माजी विद्यार्थी आणि व्यापारी बंधू-भगिनींनो,

आपलं हायस्कूल पाच वाजता सुटतं आणि वाड्यांकडे जाणारी एसटी त्यानंतर तासाभराने लागते. हा तास मुलं-मुली स्टँडवर दप्तर टेकवून काढतात. यंदापासून तो आम्ही ग्रंथालयासाठी मागून घेतला आहे. शाळा सुटल्यावर एसटी येईपर्यंत ग्रंथालय उघडं राहील आणि कपाटांना कुलूप नसेल. मुलांनी स्वतःच्या हाताने पुस्तक काढावं, चाळावं, नाही आवडलं तर परत ठेवावं.

पुस्तकं हरवतील, फाटतील, ही काळजी काही पालकांनी आणि शिक्षकांनीही बोलून दाखवली. ती खोटी नाही. दाखल नोंदवहीत चढलेलं प्रत्येक पुस्तक शाळेची मालमत्ता असतं आणि ते हरवलं तर जाब किल्ली सांभाळणाऱ्याला द्यावा लागतो. म्हणूनच तर कितीतरी शाळांत पुस्तकं कपाटातच जुनी होतात. पण ज्यांचा जन्मदिन आपण १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन म्हणून साजरा करतो, त्या डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यांतलं पहिलंच असं की पुस्तकं वापरासाठी असतात. वापरून फाटलेलं पुस्तक चिकटवता येतं. बांधणीचं काम येणारं कुणी गावात असेल तर महिन्यातला एक रविवार आम्हाला द्या. मोठी मुलं हाताखाली बसतील आणि शिकतीलही.

आमची सर्वांत मोठी गरज मात्र वेगळी आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटण्याआधी प्रत्येक वर्गात अर्धा तास मोठ्याने वाचून दाखवायचं ठरलं आहे आणि त्यासाठी आम्हाला गावातली माणसं हवी आहेत. आठवी-नववीतही काही मुलं जोडाक्षराला अडखळतात. वर्गात हसं होईल म्हणून ती वाचायचंच टाळतात आणि टाळत गेल्याने आणखी मागे पडतात. अशा मुलाच्या हातात नुसतं पुस्तक देऊन भागत नाही. आधी त्याला गोष्ट ऐकायला मिळावी लागते. ‘बनगरवाडी’ या कादंबरीतला तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत पोचला आणि वाचणाऱ्याने तिथेच पुस्तक मिटलं, तर पुढे काय झालं हे कळल्याशिवाय मूल राहत नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपन, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे यांच्याही बाबतीत तेच. वाचणाऱ्याचा आवाज कमावलेला नसला तरी चालेल. एसटीचे कंडक्टर, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, निवृत्त गुरुजी, दुकान सांभाळणाऱ्या ताई, कुणीही या. पुस्तक आम्ही देऊ, वाचायची पानं आधी दाखवू.

एक नियम मुलांसाठीही केला आहे. वाचलेल्या पुस्तकाचा दहा ओळींत परिचय लिहून आणायचा नाही. त्या दहा ओळींच्या धाकाने मुलं पुस्तक घेतच नाहीत, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी वर्गासमोर उभं राहून दोन मिनिटं सांगायचं, काय आवडलं, काय पटलं नाही. आणि तेही घरी बोलतो त्या बोलीत.

दहावीच्या पालकांना एक विनंती. “अभ्यास सोडून गोष्टी कसल्या वाचतोस,” असं म्हणून हातातलं पुस्तक काढून घेऊ नका. मराठीच्या कृतिपत्रिकेत न वाचलेला उतारा येतो आणि उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहावं लागतं. वाचणाऱ्या मुलाला त्याची भीती वाटत नाही. पण केवळ गुणांसाठी वाचा, असं आम्ही मुलांना कधीच सांगणार नाही. पंधराव्या वर्षी एखादं पुस्तक आपलंसं वाटणं हीच मोठी कमाई आहे.

१५ ऑक्टोबरला, डॉ. कलाम यांच्या जयंतीला, २०१५ पासून राज्यभर वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. त्या दिवशी फलक, फोटो आणि भाषणं यांत शाळेचा वेळ जाऊ नये, खरंच वाचन व्हावं, असं आम्हाला वाटतं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून टीव्ही-मोबाइल बंद ठेवण्याची रीत पाडली. आपण निदान १५ ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी सात ते साडेसात घराघरांत एवढं करूया. मूल वाचत असताना आई-वडीलही शेजारी काहीतरी वाचत बसले, मग ते वर्तमानपत्र का असेना, तर उपक्रम खरा.

पुस्तकं देणाऱ्यांचं स्वागत आहे, पण जुनी गाइडं, बदललेल्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं आणि रद्दी कृपया आणू नका. कथा, कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, विज्ञानाची सोपी पुस्तकं, चांगले दिवाळी अंक आणि ‘किशोर’चे जुने अंक हवे आहेत. एकाच पुस्तकाच्या तीन-चार प्रती मिळाल्या तर फारच उत्तम. मैत्रिणी एकाच वेळी वाचतात आणि त्यावर भांडतात.

वाचून दाखवण्यासाठी, बांधणीसाठी किंवा संध्याकाळच्या तासाला मुलांसोबत बसण्यासाठी नाव द्यायचं असेल तर शाळेच्या कार्यालयात वही ठेवली आहे. नावापुढे आपल्याला जमणारा वार लिहा. वर्गांची वाटणी १२ ऑगस्टला करू, म्हणून त्याआधी या.

आपले,
ग्रंथपाल व ग्रंथालय समिती