गेल्यावर रडणारे गिऱ्हाईक

जुनं हॉटेल बंद पडलं की हळहळीचा पूर येतो. मुंबईत धोबीतलावचं इराणी बास्तानी 2004 मध्ये गेलं, जहांगीर आर्ट गॅलरीतलं 1964 पासूनचं समोवार 2015 मध्ये. दोन्हींवर भरपूर लिहून आलं. पण लिहिणाऱ्यांपैकी किती जण शेवटच्या वर्षात तिथे चहाला गेले असतील? मला शंकाच आहे.

आमच्या वाशिमलाही तेच. एस.टी. स्टँडजवळच्या त्या हॉटेलात तर्री-पोहे खावेत, आलुबोंडा खावा, कटिंगवर तासभर बसावं. मालक कधी उठवत नसे. पेपर एकच, पण त्याची पानं चार टेबलांवर फिरायची. मास्तर, कंडक्टर, तुरीचे भाव विचारत आलेला शेतकरी, सगळे एका बाकावर. ते बंद झालं आणि 'काळ बदलला' म्हणून मंडळी मोकळी!

हे मला साफ नामंजूर आहे. चहा रुपयाने महागला तेव्हा कुरकुरणारे हेच, आणि नातवाच्या वाढदिवसाला एसी रेस्टॉरंटात हजारांचं बिल निमूट भरणारेही हेच. वर मालकाच्या मुलांनी धंदा सोडला म्हणून त्यांनाच नावं ठेवायची. पहाटे भट्टी पेटवायला यांनी आपली मुलं पाठवली असती का?

तर्री काय, घरीही होते. (आमच्याकडे जरा जास्तच तिखट होते, ते असो.) प्रश्न बसण्याचा आहे. 1998 मध्ये वाशिम जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, चहाच्या टपऱ्या तर पावलोपावली. पण तिथे चहा उभ्यानेच प्यायचा. आमच्या गुडघ्यांचं काय?