कपबशी विसळणाऱ्यास परदेशची शिष्यवृत्ती का नको?

शेतकरी आणि कारागीर बंधुभगिनींनो, परवा आमच्या शाळेच्या समारंभास एक विद्वान पाहुणे आले होते. रिवाजाप्रमाणे त्यांनी मुलांना विचारले, मोठेपणी कोण होणार? कोणी डॉक्टर म्हणाले, कोणी फौजदार. सातवीतील एक मुलगी उठून म्हणाली, मला हॉटेलची विद्या शिकायला परदेशी जायचे आहे. तिची आई पन्हाळ्यावर झुणका-भाकर करून विकते. पाहुणे हसून म्हणाले, "अगं, कपबशा विसळायला परदेश कशाला? ते इथेच जमतं की!" सगळा मांडव हसला. पाहुण्यांचे आम्हास फारसे नवल वाटले नाही. हसणाऱ्यांत आपलेच लोक जास्त होते, हे मात्र मनाला लागले.

म्हणून आज चार शब्द स्पष्ट लिहितो. आम्ही डी. एड. कॉलेजात मराठीतून शिकलेले खेड्यातले मास्तर. परदेश काही पाहिलेला नाही. पण कोल्हापूरचा इतिहास आम्हास ठाऊक आहे, आणि तो कपबशीला हसणारा नाही.

गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पागेतले नोकर. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारण्यात आले. मारणारे आपल्यातलेच मराठा नोकर होते, हे लपवण्याचे कारण नाही. महाराजांनी मारणाऱ्यांस शासन केले आणि गंगारामांस सांगितले, तू स्वतःचा धंदा काढ. मग भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' नावाचे चहाचे हॉटेल निघाले. तेथे चहा प्यायला कोणी सवर्ण येईना. तेव्हा महाराज स्वतः दुकानापुढे गाडी थांबवून चहा मागवू लागले, आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही तोच पाजू लागले. 1902 साली ज्यांनी सरकारी नोकऱ्यांत मागासलेल्यांस निम्म्या जागा राखून दिल्या, त्यांनाच चहाच्या कपाचेही मोल कळत होते. नोकरीचा हुकूम कागदावर निघतो. पंगत आणि पाणी यांचा हुकूम कागदावर निघून भागत नाही.

याचा दाखला बडोद्यात मिळतो. 1913 साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. 1917 साली कराराप्रमाणे नोकरीसाठी बडोद्यास परतले, तर एवढ्या शिकलेल्या माणसाला त्या शहरात राहायला खोली मिळेना. अखेर पारशी नाव सांगून ते एका पारशी उतारशाळेत राहिले, आणि थोड्याच दिवसांत काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथूनही बाहेर काढले. पदवी होती, पण खाट टाकायला जागा नव्हती. आता सांगा, पाहुण्यास निजायला जागा देणे आणि वाढणे, ही हलकी विद्या आहे काय? त्या उतारशाळेच्या गल्ल्यावर आपल्यातला एखादा माणूस बसलेला असता तर?

आता आजच्या शिष्यवृत्त्या पाहू. राज्य सरकारची अनुसूचित जातींच्या मुलांसाठीची परदेश शिष्यवृत्ती राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे. 'सारथी'ने मराठा-कुणबी मुलांसाठी काढलेली सयाजीराव महाराजांच्या नावाची आहे. नावे फार उत्तम निवडली! पण दोन्ही योजना पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्याच शिक्षणाला. त्यात विद्यापीठ जगाच्या क्रमवारीत वरच्या ठराविक क्रमांकांत असले पाहिजे. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपचे नियमही त्याच साच्याचे. तेथे क्रमवारीतले पहिले पाचशे. आणि जागा? 2021-22 पासून एकूण 125. त्यांत अनुसूचित जातींस 115, भटक्या-विमुक्तांस 6, आणि भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर या दोघांत मिळून 4. वाचकहो, हा आकडा आमच्या गावचा किंवा तालुक्याचा नव्हे. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचे सारे कुंभार, सुतार, लोहार, विणकर आणि सगळे भूमिहीन मजूर यांच्या वाट्याला वर्षाला चार जागा! एवढ्याशा पाटावर कोणी बसावे आणि कोणी उठावे?

क्रमवारीची गंमत तर निराळीच आहे. स्वित्झर्लंडात लोझान येथे 1893 पासून हॉटेलविद्येची शाळा चालते. या विद्येत तिचे नाव जगात पहिल्या रांगेत घेतात. पण ती एकच विद्या शिकवते, म्हणून सर्व विषयांच्या विद्यापीठांच्या मोठ्या यादीत ती बसत नाही. आणि यादीत नाही म्हणून आपल्या मुलाला तेथे शिष्यवृत्ती नाही. उद्या कोणी मोतीबाग तालमीस, येथे रसायनशास्त्र शिकवत नाहीत, म्हणून नापास केले तर कोल्हापूरकर त्याला वेड्यात काढतील. मुंबईच्या कचेरीत मात्र हाच शहाणपणा खपतो.

दार अगदीच बंद आहे असे आम्ही म्हणत नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात हॉटेलविद्या 1922 पासून, म्हणजे महाराज ज्या साली गेले त्याच सालापासून, शिकवतात. हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातही शिकवतात. दोन्ही यादीत वर आहेत. पण तेथे पदव्युत्तर वर्गाला जायचे तर आधी पदवी हवी. बारावीनंतर पदविका घेऊन चार वर्षे एखाद्या स्वयंपाकघरात तापलेल्या मुलाला ते दार नाही. ज्याने हाताने विद्या मिळवली तो बाहेर, ज्याने पुस्तकाने मिळवली तो आत. ही शिवाशिव जुनीच, फक्त कागद नवा. शिवाय केंद्राच्या 2022 च्या नियमांनी भारताची संस्कृती, वारसा आणि इतिहास हे विषयच वगळले. आमच्या विद्यार्थ्याने उद्या म्हटले, पन्हाळ्याचा वारसा जगाच्या पाहुण्यांना कसा दाखवावा हे मी परदेशात शिकतो, तर त्याच्यापुढे ही आणखी एक भिंत.

आणि पन्हाळा आता तुमच्या-आमच्यापुरता राहिलेला नाही. जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नोंद युनेस्कोच्या जागतिक वारशात झाली. त्यांत पन्हाळा आहे. दूरदूरचे पाहुणे येतील. त्यांच्यासाठी लॉज कोण बांधील, मॅनेजर कोण होईल, गल्ल्यावर कोण बसेल? आणि चादरी धुणारे, भांडी घासणारे कोण असतील? यातील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आजच ठरलेले आहे. पांढरा रस्सा आपल्या आयाबहिणींचा, चप्पल आपल्या चर्मकाराची, गूळ आपल्या गुऱ्हाळाचा. ताट मात्र दुसऱ्याच्या नावाने वाढले जाते. 2025 च्याच जून महिन्यात प्राडा नावाच्या इटलीच्या कंपनीने आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल मिलानच्या मंचावर चालवली आणि आधी कोल्हापूरचे नावसुद्धा घेतले नाही. तेथे जाऊन "ही आमची" म्हणणारा आपला माणूस त्या धंद्यात असता, तर बोभाटा करण्याची वेळ आली नसती.

सरकारचे दार अरुंद, म्हणून एजंटाचे दुकान रुंद. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या बापाने अर्धा एकर उसाची जमीन गहाण टाकून असल्याच एका दुकानात पैसे भरले. शिक्षण आणि पगार दोन्ही मिळेल, असा बोलीचा करार होता. पोरगा वर्षभर परदेशात रात्रीची भांडी घासून आला. येताना जो सर्टिफिकेटचा कागद आणला, तो येथे कोणी विचारीत नाही. जमीन अजून सुटलेली नाही. त्या पाहुण्यांचे म्हणणे असे खरे झाले. फक्त कपबशा विसळण्याची फी बापाने भरली.

आमचे मागणे फार मोठे नाही. हॉटेल, पाकशास्त्र आणि प्रवासधंद्याच्या नामांकित शाळांची निराळी यादी सरकारने करावी आणि मोठ्या क्रमवारीची अट त्यांस लावू नये. पदविका आणि कामाचा अनुभव पदवीच्या बरोबरीने धरावा. कारागीर-मजुरांच्या चार जागा तर वाढवाव्यातच; निदान चाळीस म्हणताना कोणास लाज वाटू नये. आणि शिकून आलेल्याने पाच वर्षे आपल्या जिल्ह्यात धंदा किंवा नोकरी करावी, असा करार खुशाल लिहून घ्यावा. बडोद्याने आंबेडकरांकडून दहा वर्षांचा घेतला होता.

पालकांनो, तुम्हीही ऐका. दादरला 1954 पासून हॉटेलविद्येची सरकारी संस्था आहे, तिची प्रवेशपरीक्षा आहे. आमच्या तालुक्यातून तिला बसणारी मुले बोटांवर मोजावी इतकी. पोराने स्वयंपाकात हात घातला की "बायकी काम" म्हणून त्याला ओरडणे आधी बंद करा.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत वरील मागण्यांचा ठराव मांडायचा आहे. मसुदा आम्ही लिहून ठेवला आहे. ज्या गावांना हवा असेल त्यांनी शाळा सुटल्यावर येऊन उतरवून न्यावा. आमच्या गावापुरते सांगायचे, तर ठरावावर पहिला अंगठा त्या मुलीच्या आईने उठवला आहे.