बालरुग्णाच्या उशाशी कोण?

कोकणात पावसाळा हा जसा भातलावणीचा हंगाम, तसाच तो मुलांच्या आजारांचाही हंगाम होय. वाशिष्ठीला पाणी चढले, विहिरी गढूळ झाल्या, की हगवण, ताप आणि न्युमोनिया यांनी बेजार झालेली मुले सह्याद्रीच्या कुशीतील वाड्यावस्त्यांवरून चिपळूणची वाट धरतात. कोणी कामथे येथील उपजिल्हा रुग्णालयात येते, कोणी डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात, तर कोणी शहरातील एखाद्या खासगी दवाखान्यात. मूल दाखल झाले, सलाइन लागले, म्हणजे आपण सुटकेचा निःश्वास टाकतो आणि पुढचे सारे डॉक्टरांवर सोपवून मोकळे होतो. परंतु डॉक्टर त्या खाटेपाशी दिवसातून किती वेळ उभे राहू शकतात? उरलेल्या वेळी, विशेषतः रात्री, त्या मुलाच्या उशाशी कोण असते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. तो आज विचारावा असे आम्हांस वाटते.

या प्रश्नाचे उत्तर तसे सोपे आहे. उशाशी दोन स्त्रिया असतात: एक परिचारिका आणि दुसरी त्या मुलाची आई, अथवा आई शेतावर किंवा धाकट्या लेकरापाशी अडकली असल्यास आजी. या दोघींच्या हातांवर बालरुग्णाचे बरे होणे किती अवलंबून आहे, याची जाणीव रुग्णालये बांधणाऱ्या आणि चालविणाऱ्या आपल्या समाजास अद्याप पुरती झालेली नाही.

आपल्या कोकणातलेच उदाहरण घ्यावे. येथील तांबड्या विंचवाचा दंश मोठ्या माणसालाही भारी पडतो; लहान मुलाच्या तर तो थेट हृदयावर आघात करतो. महाड परिसरात आयुष्य वेचणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० नंतरच्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपाय जगापुढे मांडला. गंभीर विंचूदंशाच्या रुग्णांपैकी पूर्वी शंभरात सुमारे चाळीस दगावत. ते प्रमाण त्यामुळे एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले, ते यथायोग्यच झाले. परंतु ही गोळी नुसती देऊन भागत नाही. ती दिल्यानंतर काही तास मुलाची नाडी, श्वास आणि रक्तदाब पुनःपुन्हा मोजावा लागतो आणि मुलास आडवे ठेवावे लागते. कारण पहिल्या मात्रेनंतर त्यास एकाएकी उचलून उभे धरले, तर रक्तदाब घसरण्याचे भय असते. आता वेदनेने कळवळणाऱ्या लेकराला कडेवर घेऊ नये, हे कोणत्या आईला सांगितल्यावाचून कळेल? ते तिला शांतपणे, तिच्या बोलीत, कारण देऊन सांगणे हेच परिचर्येचे मर्म होय. औषध वैद्यकाने शोधले. ते मुलाच्या अंगी लागू पडते ते रात्रभर जागणाऱ्या परिचारिकेमुळे आणि समजूतदार झालेल्या मातेमुळे.

दुसरे उदाहरण बंगालचे आहे. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लक्षावधी निर्वासित भारतात आले आणि बोनगावच्या छावणीत पटकीने थैमान घातले. शिरेतून द्यावयाचे द्रव संपत आले आणि ते देणारे शिक्षित हातही अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि ते रुग्णांना पाजण्याचे काम त्यांच्याच नातलगांवर सोपविले. छावणीत शंभरातील सुमारे तीस रुग्ण मरत होते; ते प्रमाण चारांच्याही खाली उतरले. आज घरोघरी माहीत असलेल्या जलसंजीवनीचा हा विजय होता, तसाच तो कुटुंबाच्या हातांवर टाकलेल्या विश्वासाचाही होता. निरक्षर म्हणून ज्यांना बाजूला सारावयाचे, त्याच माता नीट शिकविल्यास उत्तम शुश्रूषा करू शकतात, हे त्या छावणीने सिद्ध केले.

इतिहासाची गंमत अशी, की आईने मुलाच्या खाटेपाशी असावे ही गोष्ट पाश्चात्त्यांना मोठ्या प्रयासाने शिकावी लागली. इंग्लंडातील रुग्णालयांत एके काळी मुलाला भेटावयास आई-बापांना आठवड्यातून मोजके तास मिळत. आई आली की मूल रडते, सबब ती न आलेलीच बरी, असा तेथील समज होता. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट काढून दाखविला, आणि जिला शहाणी, शांत मुलगी म्हणून वाखाणले जाई तिची ती शांतता प्रत्यक्षात केवढी खिन्नता होती, हे लोकांच्या ध्यानी आले. पुढे १९५९ साली प्लॅट समितीने भेटीवरील निर्बंध उठवावेत आणि लहान मुलांच्या मातांना रुग्णालयात राहण्याची सोय असावी, अशा शिफारशी केल्या.

आपल्याकडे मात्र आई खाटेपाशी नेहमीच होती. ती समितीच्या शिफारशीने आली नाही. परिचारिका पुरेशा नव्हत्या आणि मुलाला एकटे टाकणे आपल्या रीतीत बसत नव्हते, म्हणून ती आली. म्हणजे इंग्लंडने जे विचारांती मिळविले ते आपणांस टंचाईने मिळाले. आणि टंचाईने मिळालेल्या वस्तूला जी किंमत असते तीच तिला आली. तिला बसावयास स्टूल नाही, निजावयास जमिनीवरची चटई, अंघोळीस जागा नाही, जेवणाचा पत्ता नाही. वॉर्डात फेरी सुरू झाली की तिने बाहेर जावयाचे आणि फेरी संपली की आत येऊन बेडपॅन उचलावयाचे. डॉक्टरांनी काय सांगितले हे तिला कोणी सांगावयाचे नाही, मूल मात्र तिने सांभाळावयाचे. बाप तर बहुधा व्हरांड्यातच उभा. चाकरमानी असला तर मुंबईहून रातोरात येऊनही दारावरच थांबलेला.

त्यानंतर नवजात अर्भकांचे अतिदक्षता कक्ष आले आणि जंतुसंसर्गाच्या भीतीने तेथून आईलाही बाहेर ठेवण्यात आले. ही भीती निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. परंतु जगाचा अनुभव पुढे गेला आहे. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातील बोगोटा येथे, उबदार पेट्या पुरेनात म्हणून, कमी वजनाची अर्भके आईच्या छातीशी बांधून ठेवण्याची रीत सुरू झाली. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारतासह पाच देशांत झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जन्मल्यापासूनच आईच्या अंगाशी ठेवलेल्या कमी वजनाच्या अर्भकांत पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू शंभरात १२ होते; आधी प्रकृती स्थिर होऊ द्यावी आणि मग आईकडे द्यावे या प्रचलित रीतीत ते जवळजवळ १६ होते. भारत सरकारनेही २०१७ साली अर्भकाच्या शुश्रूषेत कुटुंबाला सहभागी करून घेण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. मातापित्यांना हात धुण्यापासून दूध पाजण्यापर्यंत आणि धोक्याची लक्षणे ओळखण्यापर्यंत शिकवावे, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा कुटुंबाला आत घ्यावे की नाही हा वाद आता संपला आहे. प्रश्न उरतो तो कोणत्या प्रकारे घ्यावे हा.

येथे एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. आईचा सहभाग म्हणजे परिचारिकेची बचत, असा हिशेब कोणी मांडू लागल्यास तो आम्हांस मुळीच मान्य नाही. आई मायेने जागेल. पण सलाइनचे थेंब, श्वासाची बदललेली गती आणि ओठांवर आलेली निळसर छटा यांचा अर्थ लावण्यास शिक्षण लागते. किंबहुना आईला शिकवावयाचे तर परिचारिकेला अधिक वेळ हवा. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकाप्रमाणे सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक, शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तिघांमागे एक आणि अतिदक्षता कक्षात एकास एक परिचारिका असावयास पाहिजे. रात्री वॉर्डात जाऊन आलेल्या कोणाही वाचकाने हे मानक आपल्या अनुभवाशी ताडून पाहावे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागून दहा अर्भके मृत्युमुखी पडली, तेव्हा महाराष्ट्र हळहळला. विजेच्या तारा आणि अग्निशामक नळकांडी यांची चर्चा झाली, ती आवश्यकच होती. परंतु अशा कक्षात रात्री किती बालकांमागे किती हात जागे असतात, हा प्रश्न तितक्याच आग्रहाने विचारला गेला असता तर बरे झाले असते. यंत्रांवर सर्वस्वी विसंबता येत नाही हे तर चिपळूणकरांना सांगावयास नको. २२ जुलै २०२१ चा महापूर आपण पाहिला आहे.

या कामाचा मान आपण राखतो काय, हेही एकदा स्वतःला विचारावे. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता स्वतःच त्या रोगाला बळी पडल्या. रमाबाई रानडे यांनी पुण्याच्या सेवासदनातून स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळविले, तेव्हा घरंदाज बायकांचे हे काम नव्हे असे म्हणणारे पुष्कळ होते. आज असे उघडपणे कोणी म्हणत नाही. परंतु अधिपरिचारिकेच्या कामाची किंमत आपण कशी करतो ते पाहावे. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेस दरमहा किमान २०,००० रुपये वेतन असावे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार नेमलेल्या समितीने २०१६ साली सुचविले. आपल्या मुलासाठी खासगी खोली घेणाऱ्या सुशिक्षित गृहस्थाने बिलावर घासाघीस करण्यापूर्वी, तेथे गणवेशात वावरणारी मुलगी खरोखर शिक्षित परिचारिका आहे काय आणि तिला हातात काय मिळते, याची चौकशी केली पाहिजे. तिच्यावर आवाज चढविणे सोपे असते. तिच्यासाठी आवाज उठविणारे मात्र थोडे.

यावर असे म्हटले जाईल की नातलगांना वॉर्डात मोकळीक दिली तर गर्दी होईल, गोंधळ होईल, प्रसंगी मारहाणही होईल. रुग्णालयांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राला २०१० साली कायदा करावा लागला, ही आपल्या सर्वांनाच लाज आणणारी गोष्ट आहे आणि अशा हल्ल्यांचे समर्थन कोणत्याही सबबीवर होऊ शकत नाही. तथापि दाराबाहेर तासन् तास ताटकळलेला, आत काय चालले आहे ते न कळलेला आणि अखेरीस एकाच वाक्यात दुर्वार्ता ऐकणारा बाप, आणि पहिल्या दिवसापासून मुलाची अवस्था ज्याला सांगितली गेली आहे असा बाप, यांच्या दुःखात पडणारे अंतर कोणासही कळण्यासारखे आहे. दोन माणसांना आत घेणे आणि वीस माणसांना दाराशी अडविणे या गोष्टी परस्परविरोधी नाहीत. आईला किंवा बापाला ओळखपत्र द्यावे. बाकीच्यांना वेळ ठरवून द्यावी. संसर्गाची भीती असेल तेथे दाराशी साबण आणि वाहते पाणी ठेवावे व हात कसे धुवावे ते शिकवावे.

आमच्या मागण्या अवाजवी नाहीत. तालुक्यातील प्रत्येक बालकक्षात खाटेगणिक आईसाठी एक निजण्याजोगे बाकडे असावे. स्त्रियांसाठी स्वच्छ स्नानगृह असावे. मुलाबरोबर राहणाऱ्या पालकास दोन वेळचे जेवण मिळावे. कुपोषित बालकांच्या पोषण पुनर्वसन केंद्रांत मुलासोबत राहणाऱ्या मातेला बुडालेल्या मजुरीची भरपाई देण्याची पद्धत शासनानेच मान्य केली आहे. लावणीच्या दिवसांत न्युमोनियाच्या मुलापाशी बसणाऱ्या मजूर स्त्रीला तेच तत्त्व का लागू पडू नये? प्रत्येक पाळीवर किती बालकांमागे किती परिचारिका आहेत, हा आकडा वॉर्डाच्या दर्शनी फलकावर रोज लिहिला जावा. आणि मूल घरी पाठविताना परिचारिकेने आईला औषध, आहार व धोक्याची लक्षणे समजावून सांगण्यासाठी पंधरा मिनिटे राखून ठेवलेली असावीत. दूरच्या धनगरवाडीवर परतणाऱ्या आईला ही पंधरा मिनिटे फार उपयोगी पडतात; कारण पुन्हा घाट उतरून येण्यास लागणारा विलंब तिच्या मुलाला परवडणारा नसतो.

यांपैकी बाकडी, जेवण आणि साबण यांसाठी शासनाची वाट पाहण्याचेही कारण नाही. महापुरानंतर ज्या शहराने परक्यांच्या घरांतील चिखल स्वहस्ते उपसला, त्या शहरातील मंडळे, व्यापारी आणि वाचनालये यांनी मनावर घेतले, तर येत्या पावसाळ्यापूर्वी एकही आई जमिनीवर निजणार नाही. परिचारिकांची रिकामी पदे भरणे मात्र लोकवर्गणीचे काम नव्हे. ते शासनाचे कर्तव्य आहे, आणि त्याचा पाठपुरावा येथील लोकप्रतिनिधींनी विधिमंडळात केला पाहिजे. आजारी मुलाला मत नसते. ज्यांना आहे त्यांनी ते त्याच्या वतीने वापरावे, इतकेच आमचे सांगणे आहे.