कात टाकणारे जंत आणि तीन औषधे

हत्तीरोगविरोधी औषधोपचार मोहीम गडचिरोली, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत आली की एक उत्तर हमखास ऐकू येते: "मला काही झालेले नाही, मग गोळी कशाला?" कर्मचारी गोळ्या समोरच गिळायला सांगतात. लोक "जेवल्यावर घेतो" म्हणत त्या खिशात टाकतात. देशाने हत्तीरोग संपवण्यासाठी २०२७ हे वर्ष ठरवले आहे, म्हणून खिशातल्या गोळीचा विचार व्हायला हवा.

हत्तीरोगाचा जंत हा गोलकृमी. दिसायला गांडुळासारखा, पण गांडुळाशी त्याचे नाते दूरचे. गांडुळाला आडवे आणि उभे असे दोन्ही स्नायू असतात, म्हणून ते आखडते आणि लांबते. गोलकृमीला फक्त उभे स्नायू. आत दाबाखालचा द्रव, बाहेर चिवट आवरण. त्यामुळे तो नुसता वळवळतो. वाढताना हे आवरण त्याला चार वेळा टाकावे लागते. हत्तीरोगाचा जंत दोनदा कात टाकतो डासाच्या शरीरात आणि दोनदा आपल्या.

१९९७मध्ये जनुकांच्या तुलनेवरून शास्त्रज्ञांनी कात टाकणाऱ्या प्राण्यांचा एकच मोठा गट मांडला. त्यात गोलकृमींच्या शेजारी कीटक, कोळी, खेकडे आले. म्हणजे हा जंत गांडुळापेक्षा त्याला वाहून नेणाऱ्या डासाच्या जवळचा! हे नाते औषधाच्या दुकानातही दिसते. आयव्हरमेक्टिन गोलकृमींवर चालते, तसेच खरजेच्या किडीवर आणि उवांवरही. दोन्हीकडे ते मज्जातंतू-स्नायूंमधल्या एकाच प्रकारच्या मार्गिकेवर घाव घालते. पट्टकृमी कात टाकत नाही. त्याच्यासाठी प्राझिक्वांटेलसारखे वेगळे औषध लागते. 'जंताची गोळी' असे सरसकट म्हणण्यात त्यामुळे अर्थ नाही.

मोहिमेत अनेक जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल एकत्र देतात. रक्तातली पिल्ले त्याने झपाट्याने कमी होतात; लसिकावाहिन्यांतले प्रौढ जंत मात्र सगळेच मरत नाहीत आणि ते सहा ते आठ वर्षे जगू शकतात. म्हणून गोळी पुन्हा पुन्हा, आणि धडधाकट दिसणाऱ्यांनाही. पाय सुजायच्या आधी कित्येक वर्षे माणूस डासांना पिल्ले पुरवत असतो.

गोळीनंतर कुणाला ताप, डोकेदुखी, मळमळ होते आणि गावात अफवा पसरते. हा त्रास बहुधा मरणाऱ्या पिल्लांमुळे होतो. म्हणजे ज्याला ताप आला, त्याच्या रक्तात जंत असण्याचीच शक्यता अधिक. दोन वर्षांखालची मुले, गर्भवती आणि गंभीर आजारी यांना ही औषधे देत नाहीत. बाकीच्यांनी काही खाऊन, कर्मचाऱ्यासमोरच ती घ्यावीत.